चार पांढरे ठिपके

आमचे हे कॅमेरे बसवतात. शिडी, ड्रिल आणि वायरींची भेंडोळी असा आमचा संसार. निम्म्या तक्रारी कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं केल्याच्या असतात. जाऊन फडक्याने पुसून यायचं. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांत मात्र कोळी कधी फिरकत नाही. तिथे साहेब नुसतं म्हणतात, "मोठं कर," एक मुलगी बटण दाबते आणि रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर लख्ख होतो. सासरे ते डोळे लावून बघतात आणि हे पाय आपटत स्वयंपाकघरात येऊन माझं डोकं खातात. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते मोठं करून येणार कुठून? मी म्हणायचे, जाऊ द्या हो, करमणूक आहे. आता तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या मुलीला एका गाडीने उडवलं आणि गाडीवाला पळून गेला. पोरीच्या पायात सळई घालावी लागली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा ह्यांनीच बसवलेला, पण दुकानदाराने स्वस्तातला घेतलेला, आणि रोखलेला शटरवर. रस्ता वरच्या कोपऱ्यात जेमतेम दिसतो. त्यात ती गाडी आली आणि गेली. नंबराच्या जागी चार पांढरे ठिपके. पोलिसांनी बघितलं, त्यांनीही हात टेकले.

ताईंना ते पटेना. मोठं करा म्हणाल्या, ह्यांनी केलं. ठिपक्यांचे ठोकळे झाले. ताई रोज येऊ लागल्या आणि हे रोज तेच दाखवत राहिले, आधी समजुतीने, मग वैतागून. त्यात सासऱ्यांनी कहर केला. टीव्हीवर तर होतं, हा मन लावून करत नसेल, असं ताईंसमोरच बोलून बसले. मी सासऱ्यांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ताईंच्या मनाने घेतलं की गाडीवाल्याने ह्यांचे हात ओले केले आहेत. इतक्या वर्षांचा शेजार, आणि त्या जिन्यात मान फिरवून जाऊ लागल्या. हे हातातला घास ताटात ठेवून उठायचे. संताप नेमका कोणावर काढू, तेच मला कळेना.

परवा सकाळी ताईंनी आपलं शिलाई मशीन ओढत आमच्या दारात आणलं. "ह्याच्यावर माझं पोट आहे. हे घ्या, पण खरा नंबर सांगा."

ह्यांचा तोल सुटला. "कुठला सांगू? तोंडाला येईल तो सांगू? मग ज्याचा निघेल त्याच्या दारात जाऊन उभ्या राहाल?"

ताईंनी मशीनवरचा हात काढला नाही.

"राहीन," त्या म्हणाल्या.