किल्लीला बांधलेला फ्रिज

राज्याची वाटणी झाली आणि सरकारी नोकरांच्या वाटणीत यांचं नाव छत्तीसगडच्या यादीत लागलं. ग्वाल्हेर सोडून थेट बस्तर. आमच्या नया बाजारातल्या घरी सगळे नकाशा पसरून बसले, सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "माझं इंजेक्शन तिकडे मिळेल न?"

त्यांना रोज दोनदा इन्शुलिन लागायचं. तिकडे ते वेळेवर मिळेल याची खात्री कुणीच देईना, म्हणून तीन महिन्यांचं बरोबर न्यायचं ठरलं. महिना मे. भर उन्हात गाडीत औषध तापलं तर ते वाया, आणि मग सासूबाई परक्या गावात औषधाविना.

नणंदेनं परदेशातून गाडीत चालणारा छोटा फ्रिज पाठवला होता. जीप मात्र आमचीच होती, जुनी, डिझेलची. इंजिन चालू असलं की फ्रिज खुशाल चालायचा. इंजिन बंद करून तो तसाच ठेवला, तर तो गुपचूप बॅटरी संपवणार आणि मग गाडी जागची हलणार नाही.

सासरे जन्मभर बिर्लानगरच्या मिलमध्ये वायरमन. आठवडाभर ते दारातल्या उभ्या जीपमध्ये फ्रिज लावून, मांडीवर घड्याळ ठेवून बसले. येणारेजाणारे हसायचे. आठव्या दिवशी त्यांनी निकाल दिला, "दोन तासांपर्यंत गाडी उठते. तीनच्या वर गेलं की ढकलत बसा."

मग त्यांनी नियम घातले. आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज गार करून घ्यायचा. गाडी थांबली की फ्रिज बंद, त्यावर गोधडी. झाकण उघडलं नाही तर चार तास आतलं गार राहतं. आणि कोणी विसरू नये म्हणून त्यांनी परकराची नाडी घेऊन फ्रिजची पिन गाडीच्या किल्लीला बांधली. किल्ली काढली की पिन उपसून हातात यायची.

मी भडकले. शाळेत पन्नास पोरं सांभाळणारी बाई मी, आणि मला नाडीनं बांधणार?

"बघा सूनबाई, असं आहे की विसरणार तर सगळेच," ते शांतपणे म्हणाले. "ही नाडी नाही विसरणार."

सामानाच्या ट्रकबरोबर ते एक दिवस आधी निघाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपमधून.

दुपारी सागर शहराच्या पुढे एका डाकबंगल्यावर अर्धा तास थांबायचं ठरलं. पण आमच्या घराण्याची सरदारकी गेली, वामकुक्षी गेली नाही. गाडीतच पोळीभाजी खाऊन मायलेक आत जाऊन आडवे झालेसुद्धा. किल्ली काढायला मी मागे राहिले होते. बाहेर उन्हाचा नुसता वणवा. गोधडीवर माझा काडीचा भरवसा नव्हता. अर्ध्या तासानं काय होतंय, म्हणून मी नाडीची गाठ सैल केली, किल्ली मोकळी करून काढली आणि फ्रिज चालूच ठेवला. मग आत जाऊन मीही लवंडले.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. यांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. फ्रिजचा हिरवा दिवाही विझलेला. यांनी तशीच खोचलेल्या पिनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाह्या सरसावून खाली उतरले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. आम्ही दोघांनी जीप ढकलून पाहिली. चढावर ती हातभरही सरकेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला रडूच फुटलं. सासूबाईंचं औषध जाणार होतं, आणि ते माझ्या हातानं.

सासूबाई लिंबाच्या सावलीत पदरानं वारा घेत बसल्या होत्या. "अगं, परेशान कशाला होते? मागच्या सीटखाली लाकडाची पेटी आहे, ती खोल. हे ट्रकबरोबर निघताना सांगून गेलेत, गाडी नाही उठली तरच बोलायचं."

पेटीत भरलेली दुसरी बॅटरी होती आणि चिमटे लावलेल्या दोन जाड वायरी. झाकणाच्या आतल्या बाजूला, मिलमधल्या पाट्या रंगवायचे तशाच पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: "सूनबाईंनी नाडी सोडल्यास."

हे खो खो हसत सुटले. मी रडत होते ती रडता रडता हसायला लागले. वायरी जोडल्या, जीप एका दमात उठली, हिरवा दिवा लागला. झाकण उघडून बाटल्यांना हात लावला. गार होत्या. त्या माणसानं माझं शिक्षण, माझा तोरा, माझी काळजी, सगळं मोजून ठेवलं होतं आणि मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. इतकं नीट मला माझ्या आईवडिलांनीही ओळखलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. सासरे नव्या घराच्या फाटकात उभे होते. कसा झाला प्रवास, काही नाही. आधी किल्लीसाठी हात पुढे. मी किल्ली पिनेसकट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी नाडी उलटसुलट करून पाहिली.

"मी एकच गाठ मारली होती, सूनबाई."

"दुसरी माझी आहे, बाबा," मी म्हणाले.