ओल्या बाभळीचा हौदा

वडिलांच्या माघारी त्यांची पिकअप घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. लांब नाकाची, गोल दिव्यांची, जुन्या घडणीची गाडी. अशी गाडी आता रस्त्यावर दिसली की लोक फोटो काढतात. इंजिन शाबूत होतं. गेला होता तो मागचा, माल भरायचा हौदा. वडिलांनी आयुष्यभर त्यातून मेंढरं वाहिली होती आणि मेंढरांच्या मुतानं तळाचा पत्रा खाऊन टाकला होता. पाय ठेवला की पोपडा निघायचा आणि खालची माती दिसायची.

मोठा भाऊ मुंबईतली राखणदाराची नोकरी सोडून माण तालुक्यातल्या आमच्या गावी परतला, तेव्हा त्यानं ही गाडी बाहेर काढली. वहिनी त्याच्या आधीच मुलीला घेऊन सांगलीकडं माहेरी गेली होती. भांडण झालं नव्हतं. नवरा सणाला येणार आणि बाकीचं वर्ष आपण सासूजवळ त्याची वाट बघणार, हे आता पुढं चालवायचं नाही, एवढंच तिनं सांगितलं होतं. गावात राहून पोट भरेल असं काम त्यानं धरलं तर ती यायला तयार होती. तो पुन्हा मुंबईला गेला तर नाही. हे ती रागानं बोलली नव्हती. राग असता तर तो उतरण्याची वाट बघता आली असती.

काम म्हणजे ही गाडी. बाजाराला, जत्रेला, चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडं, मेंढरं न्यायला आमच्याकडं गाडी लागतेच. पण जाणता मेंढपाळ पत्र्याच्या हौद्यात जनावर चढवत नाही. पत्रा उन्हात तापतो, ओला झाला की खूर घसरतात आणि वळणावर सगळी मेंढरं एका अंगाला जाऊन एखादं चेंगरतं. लाकडावर खूर ठरतो. म्हणून तळ लाकडाचा करायचा ठरलं आणि बांधावरची बाभळ तोडली.

बाभळीचं लाकूड पाण्यात मुरवावं लागतं. काही महिने बुडवून ठेवलं, मग सावलीत वाळवलं, की ते फारसं आकसत नाही आणि कीडही लागत नाही. बैलगाड्या करणारे असंच करत. आमच्या गावात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. अडचण पाण्याची होती. विहीर कोरडी होती, गावाला टँकर चालू होता. शेजाऱ्याच्या शेततळ्यात पाणी होतं, पण त्याच्या तळाच्या प्लास्टिकवर ओंडके टाकू द्या असं म्हणायची सोय नव्हती.

मी साताऱ्याला वर्तमानपत्रात काम करते. सुट्टीला गावी गेले होते, तेव्हा वहिनीच्या वडिलांचा फोन आला. भावानं तो खाटेवर ठेवून मोठ्यानं लावला.

"पावनं, लाकडं आमच्या विहिरीत टाका की. पाणी लय हाय. पावसाळ्यापतोर मुरू द्या निवांत."

"बगतो, मामा," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

"बगायचं काय त्यात?" आई म्हणाली. "एवढी माया करत्यात."

"आदी त्यांची पोरगी त्यांच्याकडंच ठिवली. आता लाकडं बी ठिवू?"

"मग टँकरच्या पाण्यात बुडीव. पाण्याला आलेल्या बायका तुला बी बुडवतील."

तो हसला, पण ओंडके सांगलीकडं गेले नाहीत. पावसाळ्यापर्यंत थांबायचं म्हणजे वहिनीलाही तोवर तिकडंच ठेवायचं, असा त्याचा हिशेब होता. त्यात चूक होती असं तेव्हा कुणाला ठामपणे म्हणता आलं नाही.

वखारीतून फळ्या कापून आल्या तेव्हा त्यांचा वास कच्चा होता आणि हाताला ओल लागत होती. सुतार आमच्याच आळीतला, भावाच्या बरोबरीचा. त्यानं एक फळी उचलून बघितली आणि खाली ठेवली.

"वली हाय गड्या. आज घट्ट बसंल. उन्हाळ्यात मला शिव्या देशील."

"शिव्या देताना च्या पाजतो."

"साखर घालून पाज मग."

कुजलेला पत्रा छिन्नीनं तोडून काढला. खालचे लोखंडी उभे पाट घासून त्यांना रंग दिला. फळ्या आडव्या बसवल्या, गाडीला धक्का बसला तर खुरांना टेकू मिळावा म्हणून. कोकराचा पाय अडकू नये म्हणून भावानं फळीला फळी भिडवून घेतली. बोल्टची डोकी वर राहून जनावराला लागू नयेत म्हणून ती लाकडात खोल बसवली. शेवटी जळक्या ऑइलचा हात दिला. काम चांगलं झालं होतं. भाऊ हौद्यात अनवाणी चालून बघत होता. त्यानं फोटो काढून वहिनीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'छान झालाय. सुट्टी लागली की येतो आम्ही.' मुलीची शाळा संपायची होती, तेवढंच राहिलं होतं.

गाडीला कामं मिळू लागली. म्हसवडच्या बाजाराला भाऊ नियमित जायला लागला. आईनं वहिनीची खोली सारवून घेतली.

मग ऊन वाढलं. फळ्या आकसल्या. आधी मधून उजेड दिसू लागला, नंतर फटी रुंदावल्या. भावानं त्यात काथ्या ठोकला, वर पोती अंथरली. सुतार म्हणाला, सगळ्या फळ्या सोडवून सरकवून घेऊ आणि उरलेल्या जागेत एक नवी घालू. भाऊ म्हणाला, एवढी फेरी होऊ दे.

ती फेरी जतकडची होती. आमच्या गावच्या एका मेंढपाळानं तिकडून पैदाशीसाठी मेंढा घेतला होता, बाकदार नाकाचा, उंच, माडग्याळी जातीचा. असा मेंढा घरात येतो तेव्हा त्याला ओवाळतात. वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली, पोतं सरकलं आणि मेंढ्याचा मागचा पाय फटीत गेला. तो ओढायला गेला आणि पाय मोडला. भावानं मला नंतर सांगितलं, की आवाज पुढं केबिनमध्ये ऐकू आला होता. फळी पहारीनं उचकटून पाय सोडवावा लागला.

मेंढपाळ आरडाओरडा करणारा नव्हता. भाऊ त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मी भरून देतो, आण्णा."

"काय भरतोस? पाय भरतोस?" तो म्हणाला. "तुजा बा आसता तर त्यानं त्या फळ्यावर मेंढरू चढवलं नसतं. जा घरला."

आणखी तो कुणाला काही बोलला नसावा. त्याची गरज नव्हती. मेंढा तीन पायांवर मेंढरांच्या वाड्यात बांधलेला होता आणि येणारा-जाणारा त्याला बघत होता. भावाचा फोन वाजायचा थांबला. बाजाराच्या दिवशी तो गाडी धुऊन दारात लावायचा आणि दुपारी परत शेडमध्ये नेऊन ठेवायचा.

सुतार फळ्या सोडवायला आला. पहिली फळी उलटी केली तेव्हा खालच्या अंगाला बारीक भोकं होती आणि पाटावर पिवळं पीठ सांडलं होतं. दुसरीचं तेच. त्यानं फळी जशी होती तशी परत ठेवली.

"आता सरकवून उपेग न्हाई," तो म्हणाला. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

शाळेला सुट्टी लागली आणि वहिनी एसटीनं एकटीच आली. जे झालं ते तिला कळलेलं होतं. तिनं आईच्या हातचं जेवण केलं, भांडी घासली आणि म्हणाली, शिलाई मशीन न्यायला आले आहे. माहेरी ब्लाउज शिवायचं काम मिळत होतं. मुलीचं नावही तिथल्याच शाळेत राहणार होतं.

"आजून एक डाव बगू की," भाऊ म्हणाला. "सागाच्या फळ्या घालतो."

"घाला. मी नगं म्हणत न्हाई." तिनं मशीनचं चाक दोरीनं बांधून घेतलं. "पर तवर मी तिकडंच बरी. तुमी परत आल्यापास्नं ह्या दोन-चार महिन्यांत मी रोज गाडीचं इचारत हुते. गाडी चालली का, काम लागलं का. पयले तुमची वाट बगायची, आता गाडीची. मला न्हाई जमत."

मशीन एसटीत चढणारं नव्हतं. ते पिकअपमध्ये चढवलं. आईनं घोंगडं दिलं, ते खाली अंथरलं. वहिनी पुढं बसली, सुट्टीला आलेली मी मशीन धरून मागं. विट्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला. भाऊ खड्डे चुकवत फार हळू चालवत होता. तेवढ्या काळजीची त्या सामानाला गरज नव्हती.

तिच्या दारात मामा बाहेर आले. "या पावनं, च्या घ्या."

"उशीर झालाय मामा," भाऊ म्हणाला. मशीन त्यानं आत नेऊन खिडकीजवळ ठेवलं, चाकाची दोरी सोडली, एकदा फिरवून बघितलं. मुलगी शेजारच्या घरी खेळायला गेली होती. तिला बोलवायचं का, असं वहिनीनं विचारलं. तो नको म्हणाला.

येताना मी पुढं बसले. मायणीच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली, काच पुसली आणि विचारलं, दहिवडीवरनं मुंबईची गाडी हल्ली किती वाजता सुटते. मला माहीत होतं. मी सांगितलं.