मेंढरांच्या चालीचा नियम

मी पुण्याला निघाले त्या सकाळी मला बसपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. रुसण्यासारखं काही नव्हतं. त्याच सकाळी हसनाबादहून आमच्या मेंढ्याही निघाल्या होत्या, राजूरच्या बाजूला. घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, आई पुढं, आबा मागं. आबा एवढंच म्हणाले, "मेंढरं निघाली, आता थांबता येत न्हाई, माय. तू बी जल्दी नीघ." म्हणजे घर सोडणारी मी एकटी नव्हतेच, आमचं सगळं घरच गाव सोडून चाललं होतं. फरक इतकाच, की ते पावसाळ्यात परतणार होते.

गावाकडचे तुम्ही सगळे विचारता, पोरगी तिकडं करते काय? युद्धाचा खेळ बनवते. कॉम्प्युटरवर नकाशा असतो, त्यावर सैन्याच्या तुकड्या. कोणती तुकडी किती चौकटी चालेल, कोण कुणाला हरवेल, कुठला शोध लागला की काय बदलेल, याचे नियम मी लिहिते. हसा खुशाल, मलाही कधीकधी हसू येतं.

चालीचा नियम लिहायला मला फार विचार करावा लागला नाही. तुकड्या एकत्र निघाल्या, तर सगळ्यांत हळू जी चालेल तिच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. आमच्याकडं दुसरं काही असतंच कुठं? व्यालेली मेंढी मागं पडली, की आबा अख्खा कळप तिथंच चरायला सोडत आणि कोकरू खांद्यावर घेत. लढाईच्या नियमांत मी न लढता तळ हलवायची मुभा ठेवली. एकदा कुणाच्या हरभऱ्यात आमच्या मेंढ्या शिरल्या आणि मालक काठी घेऊन धावून आला. आबांनी हात जोडले आणि संध्याकाळच्या आत तळ हलवला. मी चिडले होते. ते म्हणाले, "भांडलो तर पुढच्या साली ह्याच्या रानात मेंढरं कोन बसवू देईल?" मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की खत पडतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. आमचं पोट त्या बोलावण्यावर होतं.

खेळून बघणाऱ्यांना दोन्ही नियम आवडले नाहीत. मागं पडलेली तुकडी सोडून पुढं जाता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. टीम लीड म्हणाला, "कंटाळतात गं लोक." मी ते काढून टाकले. शोधाचा नियम मात्र सगळ्यांना पसंत पडला: नवं तंत्र आलं की जुनी तुकडी नकाशावरून आपोआप नाहीशी. तोही माझाच.

त्याच वर्षी आबांनी मेंढ्या विकल्या. रानांना तारेची कुंपणं आली होती, मोसंबीच्या बागा वाढल्या होत्या, खत गोणीतून येत होतं. मेंढ्या बसवायला कुणी बोलवेना. आई फोनवर म्हणाली, "टेम्पोत चढतच न्हवत्या. ह्यांनीच एकेकीला उचलून दिलं." मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग दोघांना पुण्याला आणलं. आबा बाल्कनीत बसून राहत. लिफ्टनं खाली जायचं, लिफ्टनं वर यायचं, एवढंच चालणं. "इथून कुठं जायाचं, माय?" असं विचारत. पाऊस लागायच्या आत दोघं परत गेले.

पूर्वी सुटीत घरी जायचं म्हणजे घर शोधत जावं लागे. राजूरला उतरून विचारायचं, हसनाबादच्या मेंढरंवाल्यांचा तळ कुठं पडलाय? कुणी हात करून दिशा दाखवी, पुढच्या वस्तीवर आणखी कुणी. मग आमचा कुत्रा भुंकायचा, चुलीचा धूर दिसायचा, आणि ते माझं घर असायचं. दर खेपेला वेगळ्या रानात, पण घरच. इथले शेजारी घर कुठलं विचारतात तेव्हा मी नुसतं हसनाबाद सांगते. तेवढं त्यांना पुरतं.

परवा फोनवर म्हटलं, "आबा, सुटी मिळाली की येते. कुठं असाल तवा?" सवयीनं तोंडून गेलं. आबा म्हणाले, "कवाबी ये. आता मी घरीच असतो."