गोऱ्याचं गाऱ्हाणं

अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन बोटं मिटलेली. उजवा हात असा कानाच्या पातळीला धरून तो म्हणायचा, "आणखी सहा महिने. मग घरी." चीनमध्ये एका हाताने सहा असेच दाखवतात. तिथल्या लोकांकडून त्याने एवढी एकच गोष्ट उचलली होती, आणि ती उचलल्याचंही त्याच्या गावी नव्हतं. सात वर्षं मी तो हात बघितला. त्याचे सहा महिने काही संपले नाहीत.

तो अमेरिकन. मी आपला मालवण तालुक्यातला, मसुऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. दोघेही चीनच्या एका बंदराच्या शहरात, मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात. मी तिथल्या प्रयोगशाळेत होतो. तो खरेदीदार कंपनीचा माणूस, माल तपासून सही करणारा. त्याच्या सहीशिवाय कंटेनर हलत नसे, म्हणून सगळे त्याच्या पुढे-पुढे करायचे. मी करायचो नाही. का, ते सांगतो.

हा माणूस मासे खात नव्हता. ऐकून सोडून देऊ नका, नीट लक्षात घ्या. दिवसाला हजारो मासे ज्याच्या हाताखालून जातात, त्याने उभ्या जन्मात बांगड्याचा एक तुकडा तोंडात घातला नव्हता. "डोकं असलेलं मी काही खात नाही, ते माझ्याकडे बघतं," म्हणायचा. मासा शेपटीला दोन बोटांनी धरून, तोंड फिरवून, त्याच्या पोटात थर्मामीटर खुपसायचा. आकडा बघायचा, कागदावर टिपायचा आणि म्हणायचा, "फाइन." कल्ला उघडून बघणं नाही, पोट दाबून बघणं नाही, वास घेणं तर नाहीच. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती सुपातले तांदूळ निवडायची थांबली. म्हणाली, "खाणा नाय तर तेका समाजता कसा?" तो तिथे अकरा वर्षं होता, आणि तेवढ्या काळात त्याच्या कंपनीतल्या एकालाही हा प्रश्न पडला नाही.

त्याचं रोजचं जिणं म्हणजे नाकाने कांदे सोलण्याचा उद्योग. सकाळी डब्यातले कोरडे पोहे थंड दुधात. ते पोहे विकत घ्यायला तो रविवारी दोन बस बदलून एका दुकानात जायचा, कारण तिथे अमेरिकेतला माल मिळायचा. खिशात स्वतःचा काटा. हॉटेलात गेला की चित्रावर बोट ठेवून जेवण मागवायचं आणि आलं की म्हणायचं, हे मी मागवलं नव्हतं. चिनी लोक पाहुण्याला गरम पाणी देतात. त्यावर तर त्याचं रोजचं पारायण असे. "पाणी गरम कोण पितं? हे लोक गरम पाणी का पितात?" अरे बाबा, ज्याचं अन्न खातोस त्यालाच उठता-बसता नावं ठेवतोस, तर राहिलास कशाला अकरा वर्षं? शुक्रवारी संध्याकाळी त्याच्यासारखेच आणखी तीन गोरे एका बारमध्ये जमायचे आणि चीनमध्ये काय-काय वाईट आहे त्याची उजळणी करायचे. मी एकदाच गेलो. दोन तास बसलो, कान किटले, उठून आलो.

भाषेचं म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. मी वर्षभरात बाजार करण्यापुरतं चिनी शिकलो, मासळीचा भाव पाडण्यापुरतं तर नक्कीच. तो अकरा वर्षांत फक्त 'धन्यवाद' शिकला, आणि तोही असा म्हणायचा, की समोरची बाई हसू लपवायला मान खाली घालायची.

तुम्ही म्हणाल, तू काय मोठा वेगळा? तुझ्या बॅगेत कुळथाचं पीठ, तिरफळं आणि सोलं होतीच ना? होती. दरवर्षी दोन किलो न्यायचो. पण मी तिथला मासा त्या तिरफळात शिजवून खायचो. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी रोज बघायचो आणि तिलाही हसायचो. आम्ही दोघे राहायचो त्या इमारतीच्या फाटकाशी एक म्हातारा पहारेकरी असे. संध्याकाळी काम सुटलं की हा गोरा त्याच्यासमोर स्टुलावर बसायचा आणि दोघे तिथलं बुद्धिबळ खेळायचे. त्याला चिनी येत नाही, म्हाताऱ्याला इंग्रजी येत नाही. सोंगटी सरकवायची, मान हलवायची, संपलं. आणि रोज गोराच हरायचा. एखादा आठवडा नव्हे, वर्षानुवर्षं. मी जाता-येता मनात म्हणायचो, एवढा शिकलेला माणूस, रोज हरायला कसा बसतो? लाज नाही वाटत? म्हातारा त्याच्या पेल्यात गरम पाणी ओतायचा आणि हा मुकाट प्यायचा. माझं लक्ष हरण्याकडे होतं, पाण्याकडे गेलंच नाही.

त्याला साठावं लागणार होतं. तिकडे परदेशी माणसाला साठीनंतर कामाचा परवाना सहसा मिळत नाही. कंपनीने खास पत्र दिलं तर वर्ष-दोन वर्षं ढकलता येतात, नाहीतर सामान बांधायचं. कारखान्यात कुजबूज होती की याचं पत्र अडकलं आहे. मी म्हटलं, सुटला बिचारा. आता तरी त्याचे सहा महिने खरे होतील.

त्या वर्षी चिनी नववर्षाच्या सुट्टीत कारखाना पंधरा दिवस बंद होता आणि मी नेहमीसारखा गावी निघालो. त्याला कुठे जायचं सुचत नव्हतं. मीच तोंडदेखलं म्हटलं, चल माझ्या गावी. आणि हा खरंच आला. तोंडदेखलं बोलताना जरा जपून बोलावं, हे मी तेव्हापासून शिकलो.

वाडीत काय तमाशा झाला म्हणून सांगू. पहिल्याच दिवशी माझा चुलतभाऊ बाबली त्याला खुणेने विचारायला गेला, किती दिवस राहणार? याने अंगठा-करंगळी वर केली. बाबलीला वाटलं, पिऊक मागता. तो धावत जाऊन काजूची दारू घेऊन आला. गोऱ्याने वास घेतला आणि सबंध संध्याकाळ उंबऱ्यापासून चार हात लांब बसला. आईने सुरमई तळली. त्याने ताट सरकवलं. सोलकढी दिली, तिचा रंग बघून औषध समजला. "दुखणाईत आसा की काय ह्यो?" आईने मला विचारलं. मी म्हटलं, नाही गो, जन्मापासूनच असा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी पेज जेवत होती. पातळ भाताची पेज, वर मिठाचा खडा आणि खारातली कैरी. हा तिच्या शेजारी जाऊन बसला आणि वाडग्याकडे बोट दाखवलं. आईने वाढली. खिशातला काटा न काढता त्याने वाडगा तोंडाला लावला आणि सगळी पेज संपवली. मग मला म्हणाला, "सकाळची ही आमच्याकडेही मिळते. फाटकापाशी." मी म्हटलं, बरं. मला आंघोळीची घाई होती.

त्याच दिवशी आम्ही रवळनाथाच्या देवळात गेलो. बाहेरगावचा माणूस घरी आला की देवाला सांगायचं, ही आमच्याकडची रीत. आमच्या गावी गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. ऐंशीचे आहेत, पण आवाज असा की देव झोपला असेल तर उठून बसावा. ते देवाला माणसाचं नाव, गाव आणि मागणं सांगतात, आणि मागे उभे असलेले सगळे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुम्हाला हे माहीत असेलच.

तात्यांनी विचारलं, "हेचो गाव खंयचो?"

"अमेरिका."

"आणि मागणा काय?"

बघा, इथे मी वळून त्याला विचारायला हवं होतं. तो माझ्या शेजारीच उभा होता, टोपी हातात घेऊन. दोन शब्दांचा प्रश्न. मी नाही विचारला. मला वाटलं, याचं मागणं याच्यापेक्षा मलाच जास्त पाठ आहे. मी म्हटलं, "तात्यानू, तेका घराक जावचा आसा. बरीच वर्सा जाली, तेका थंयसून सुटाचा आसा."

तात्यांना दया आली. त्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागची दहा-बारा माणसं म्हणाली.

"ह्यो परमुलखातलो लेकरू आज तुझ्या पायाकडे इलो हा. बरीच वर्सा जाली, परक्या मुलखात अडाकलो हा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या वाटेत जी काय आडकाठी आसात ती दूर कर, आणि वरसाच्या आत तेका सुखरूप तेच्या घराक पोचव. पाच नारळांचो मान तुका पावतो करतलो."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझं कौतुक वाटत होतं. ज्याला सात वर्षं मनातून हसलो त्याच्यासाठी मी देवाकडे रदबदली करत होतो. तो इकडे-तिकडे बघत होता. शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला तोही काहीतरी पुटपुटला. माणसं हसली, प्रेमाने.

देवळाच्या पायरीवर बूट घालताना त्याने विचारलं, "त्या वृद्ध गृहस्थांनी माझ्यासाठी काय मागितलं?"

मी ऐटीत सांगितलं.

तो बुटाची नाडी बांधायचा थांबला. मग म्हणाला, "तू मला विचारलं का नाहीस?"

"विचारायचं काय? इतकी वर्षं तूच सांगतो आहेस. सहा महिने, मग घरी."

"ते म्हणायचं असतं," तो म्हणाला. "तिकडे मला कोण आहे? एक बहीण आहे, ती नाताळला कार्ड पाठवते. घर केव्हाच विकलं. मी कंपनीला तीन वेळा लिहिलं आहे, मला अजून दोन वर्षं राहू द्या. मला विचारलं असतंस तर मी हेच मागितलं असतं."

तो उठला. एका पायात बूट, एक हातात. "आपण परत आत जाऊ. त्यांना सांग, बदलून मागा. चालेल ना?"

चालेल. का नाही चालणार? तात्या अजून आतच होते. देवाला दुसरं गाऱ्हाणं घालायला कोणी मनाई केलेली नाही. पण देवळात आमचे भाऊबंद होते, बाबली होता. मी आत जाऊन काय सांगू? याला काय हवं ते मला माहीतच नव्हतं? सात वर्षं शेजारी राहून? सगळा गाव हसला असता, गोऱ्याला नव्हे, मला. मी म्हटलं, "आता नको. उद्या येऊ."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मला कुडाळला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मी काहीतरी सांगितलं. त्यानंतर त्याने विचारलं नाही. तो रोज सकाळी आईच्या शेजारी बसून पेज जेवायचा. निघताना आईने त्याला खारातल्या कैरीची बरणी दिली आणि मला म्हणाली, "बरो मनीस रे. उगीच तू तेका हसतंस." आईला चार दिवसांत कळलं. मला सात वर्षं मिळाली होती.

पावसाळ्यात कंपनीचं उत्तर आलं. मुदतवाढ नाही. तीन आठवड्यांत त्याने सामान आवरलं. शेवटच्या संध्याकाळी फाटकापाशी पट मांडला होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा थांबून पूर्ण डाव बघितला. म्हाताऱ्याने त्याला त्या दिवशीही हरवलं. मग म्हातारा उठला, आत गेला आणि त्याची गाडी येईपर्यंत बाहेर आला नाही. गाडीत बसताना गोऱ्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तुझ्या आईला सांग, बरणी मी नेतो आहे." माझ्यावर एका शब्दाने चिडला नाही. चिडला असता तर मला बरं झालं असतं.

वर्षभराने मीही चीन सोडलं. आता मालवणात बर्फाच्या कारखान्यात आहे. त्याचा कधीतरी मेसेज येतो. एका छोट्या गावात भाड्याने राहतो, एका दुकानात उभा राहून काम करतो. एकदा त्याने खिडकीतून काढलेला फोटो पाठवला. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बंद दारं. खाली लिहिलं होतं, 'इथे संध्याकाळी कोणी बाहेर बसत नाही.' मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मूर्ख माणसासारखं.

देव असं ऐकतो यावर माझा विश्वास नाही. कंपनीला पैसे वाचवायचे होते, तिने वाचवले. पण विश्वास नसला म्हणून रात्रीची झोप येतेच असं नाही.

गेल्या महिन्यात देवळात तात्या भेटले. म्हणाले, "तुझो तो गोरो पोचलो मा घराक?"

"पोचलो."

"बघ. देवान आयकल्यान. मगे पाच नारळ रवले हत रे. देवाचो मान थकवचो नसता."

मी बाजारातून पाच नारळ आणले. तात्यांनी ते देवापुढे ओळीने मांडले आणि हात जोडले. मागे माणसं उभी राहिली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, तू आयकलंस. तो लेकरू तेच्या घराक सुखरूप पोचलो."

"व्हय म्हाराजा."

"तेचो मान तुका पावतो केलो हा. तो गोड मानून घे. काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली, सवयीने, एका सुरात.

माझा आवाज मागे राहिला. सगळे गप्प झाल्यावर मी एकटाच म्हणालो, "व्हय म्हाराजा." तात्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मग पहिला नारळ फोडला.