केळीचा डाग

माझ्या अक्कामुळे मी शिकलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. रावेरजवळच्या आमच्या गावात चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण आई केळीच्या बागेत कामाला जायची आणि घर बघायला कुणीतरी हवं होतं. मी मात्र शिकत राहिलो. फैजपूरला बी.एस्सी. झालो, जळगावला बी.एड. केलं. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिलाच. तो कागद अक्काने दोन्ही हातांनी धरून बघितला होता आणि म्हणाली होती, "याले चीक लागू देऊ नको."

केळीच्या चिकाबद्दल आधी सांगायला हवं. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. कपड्यावर पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. वाळला की तांबूस होतो, आणि पहिल्या धुण्यानंतर काळपट. मग तो जात नाही. सोडा लावा, लिंबू चोळा, दगडावर आपटा, कापड फाटतं पण डाग राहतो. आमच्याकडे प्रत्येक घरात असे कपडे असतात. माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावरही हाताच्या पंजाएवढा डाग होता.

हे सगळं माहीत असताना मी जी चूक केली, ती सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

माझी नेमणूक धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आहे. कोरोनामुळे बंद पडलेली शाळा पुन्हा उघडली तेव्हा थंडीचे दिवस होते. सहावीचा वर्ग एका दिवशी, सातवीचा दुसऱ्या दिवशी, दुपारी एकपर्यंत. शाळेत विज्ञानाचा पदवीधर मी एकटा, म्हणून मोठ्या सरांनी स्वच्छतेचं काम माझ्यावर सोपवलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. वरून आलेल्या सूचनेत 'स्वच्छ गणवेश' एवढंच होतं. मी माझ्या अकलेने त्यात भर घातली आणि दारावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'गणवेश रोज धुतलेलाच हवा.' खाली दुहेरी रेघ ओढली.

सोमवारी सातवीच्या रांगेत एक मुलगी उभी होती. आकाशी कुडता, आणि पोटावर काळपट डाग.

"गणवेश धुतला नाहीस?"

"धोयेल शे ना गुरुजी. काल धोया."

"मग हे काय?"

"केळना डाग शे. तो निंघस नही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मी तिचं ऐकलं, पण माझ्या डोळ्यांपुढे माझा फळा होता. "उद्या नीट धुऊन ये," असं म्हणून मी पुढे सरकलो. उद्या तिचा वर्ग नाही, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी सहावीच्या रांगेत तिची धाकटी बहीण आली. तोच कुडता, तोच डाग, बाह्या दोनदा दुमडलेल्या. कापड ओलं होतं. पोरगी दात वाजवत उभी होती आणि सलवारीच्या काठातून पायावर पाणी उतरत होतं. तोपर्यंत मला कळलं नव्हतं की दोघी बहिणींत गणवेश एकच आहे. शाळा बंद असताना मुलं वाढली होती. जुने कपडे खांद्यात अडकत होते. थोरलीसाठी मोठ्या मापाचा घेतलेला एक जोड तेवढा दोघींना चालत होता, आणि वर्ग एकाआड एक दिवस भरत असल्यामुळे त्यांचं निभत होतं. माझ्या नियमाने ते मोडलं : थोरलीने घातलेला कुडता संध्याकाळी धुवावा लागला आणि थंडीच्या रात्रीत तो वाळला नाही.

त्या आठवड्यात पुढे दोघी आल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही नाहीत. हजेरीवर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो.

आई नुकतीच बागेतून आली होती. डोक्याचं फडकं सोडत तिने मला खाट दाखवली, आणि मी बसायच्या आत म्हणाली, "गुरुजी, पानी चौथा दिन येस. पेवाले ठेवू का कपडा धोवाले?"

मी म्हणालो, "पण मुलींची शाळा बुडते."

"मोठी आते मन्हासंगे केळंमा येस. तिनी शाळा झायी." मग हसून, पण टोचेल असं म्हणाली, "ज्यासना घर नळ शे, त्यासनी शाळा."

थोरली दाराशी उभी होती. तिने तारेवरचा कुडता काढला, घागरीतलं भांडंभर पाणी घेतलं, साबण लावला आणि माझ्यासमोर तो डाग घासायला लागली. बराच वेळ घासला. पिळून माझ्यापुढे धरला. डाग होता तिथेच होता. एवढं करून ती आत निघून गेली.

मी मोटारसायकल सुरू न करता ढकलतच गावाबाहेर आलो. सातवीतली मुलगी, हुशार, आणि माझ्या एका ओळीने तिची शाळा सुटत होती. अक्काची सुटली तेव्हा मी लहान होतो, माझ्या हातात काही नव्हतं. इथे खडू माझ्याच हातात होता. रस्त्याच्या कडेला थांबून मी अक्काला फोन लावला.

"अक्का, माझा शाळेचा शर्ट तू कोणकोणत्या दिवशी धुवायचीस?"

"काय झालं बापा? बायको घरी नाही का?"

मी सगळं सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "रोज? कोणं सांगतलं रोज?"

"मीच."

"अरे, रोज धुतला असता तं दिवाळीपर्यंत चिंध्या झाल्या असत्या तुह्या शर्टाच्या! बुधवारी अन् शनिवारी धुवो मी. बाकी दिवस उंबऱ्यातच काढून घेवो, उलटा करो अन् दक्षिणेच्या तारीवर टाको. उन्हाले काय पानी लागते?"

मला आठवलं. उंबऱ्याच्या आत गणवेशानिशी पाऊल टाकायची मला परवानगीच नव्हती. भूक लागलेली असायची, तरी आधी शर्ट काढायचा, मग भाकरी. शर्ट उलटा टाकायचा, म्हणजे घामाच्या बाजूला ऊन लागतं आणि बाहेरचा रंग उडत नाही. गळपट्टी आणि बाह्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसायच्या. सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने हे सगळं स्वतःच्या डोक्याने बसवलं होतं, आणि मी वर्गात सगळ्यात नीटनेटका म्हणून दोनदा टाळ्या घेतल्या होत्या.

"अन् तो डाग," अक्का म्हणाली, "तुह्या खिशावर नव्हता का? पेटीत हाये अजून तो शर्ट. येऊन पाहून जाय. त्या पोरीले काय म्हणला तू? घाणेरडी म्हणला?"

"नाही. धुतला नाहीस म्हणालो."

"तेच झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला. मोठे सर काळजीत पडले. "तपासणीला साहेब आले आणि रोज धुता का विचारलं, तर?" मी म्हणालो, "उत्तर मी देईन." शनिवारी शाळेच्या ओट्यावर, अंतर ठेवून, पालकांना बसवलं. त्या दोघींच्या आईला मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. आधी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या मुलीचा गणवेश धुतलेला होता आणि चूक माझी होती. मग फोनचा आवाज मोठा करून तो खुर्चीवर ठेवला.

अक्का आधी लाजली. मग सुरू झाली ती थांबेना. "तोंडाचं फडकं रोज धुवा. ते वाटीभर पान्यात होते. गणवेशाले बादली लागते, तो हप्त्यातून दोनदा धुवा. पोरगं घरी आलं की पहिले हात, मंग कपडे काढा, उलटे करा, उन्हात टाका. ओले कपडे घालून कोणाले पाठवू नका, घरच्या कपड्यात पाठवा. मास्तर काही म्हणला तं मले सांगा."

हशा पिकला. त्या मुलींच्या आईने मान पुढे करून फोनला विचारलं, "तुम्ही कोन बोली राहिनात बाई?"

"मी मास्तरची अक्का."

"मंग आमनी बी अक्काच," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून पुढे, "मास्तरले पहिलेच इचारी लेता येत नव्हतं का?"

सोमवारी थोरली रांगेत होती. तो आकाशी कुडता, पोटावर डाग, कोरडा, उन्हाचा वास येणारा. मंगळवारी धाकटी आली. काही मुलं घरच्या कपड्यांत आली, पण आली. त्या दिवसांत गावात कुठूनही जा, दक्षिणेच्या भिंतीवर उलटे टांगलेले आकाशी गणवेश दिसायचे. मी शाळेतून घरी जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचो, ते बघायला.

साहेब आले. त्यांनी नेमकं थोरलीलाच विचारलं, "गणवेश रोज धुतेस ना?" मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होणार तेवढ्यात तीच बोलली, "नही साहेब. बुधवार ना शनिवार. रोज ऊन दाखाडतस." मग त्यांची नजर कुठे गेली ते ओळखून म्हणाली, "हाऊ केळना शे. धोयेल शे." साहेब म्हणाले, "आमच्याही घरी आहेत असे," आणि पुढच्या बाकाकडे वळले.

ती सातवी झाली, आठवीला तालुक्याच्या शाळेत नाव घातलं. त्या दिवशी मी अक्काला पत्र लिहिलं. फोनवर तिला कौतुक ऐकवत नाही, लगेच "ठेवते" म्हणते.

अक्का,

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. हळूहळू वाच, घाई नाही.

ती केळीच्या डागाची मुलगी आज आठवीत गेली. नाव घालायला मी तिच्या आईबरोबर गेलो होतो. अर्जावर आईने सही केली, अंगठा नाही. थोरलीनेच तिला शिकवली म्हणे. गणवेश आता दोघींना वेगवेगळे आहेत.

त्या शनिवारी मी दारावरच्या फळ्यावर लिहिलेला तुझा नियम अजून तिथे आहे. मुलं त्याला 'अक्काचा नियम' म्हणतात. नव्या मुलांना वाटतं अक्का म्हणजे कुणी मोठ्या डॉक्टरीणबाई. मी सांगतो की ती माझी बहीण आहे, चौथीपर्यंत शिकली, आणि विज्ञान मी तिच्याकडून शिकलो. हे सांगताना माझी छाती फुगते, तू हसशील.

मी बी.एस्सी. झालो ते तुझ्या बुधवार-शनिवारांवर. हे मी तुला आधीच म्हणायला हवं होतं.

एक काम आहे. पेटीतला माझा तो शर्ट पाठवून दे. मुलांना दाखवायचा आहे. पाठवण्याआधी धुतलास तरी चालेल, डाग जाणार नाही.

तुझा भाऊ