तिसरी पायरी

हिंगणघाटला आमच्या गल्लीत सायकली दुरुस्त करणारे एक काका होते. गिऱ्हाइकाशी फार बोलायचे नाहीत, चाकाशी मात्र पुटपुटत बसायचे. महाशिवरात्रीला वेणेकाठच्या देवळात भांग तेच घोटायचे, सगळ्यांना पाजायचे. स्वतः थेंबही घेत नसत. आणि गुडघे दुखत असूनही देवळाची तिसरी पायरी ओलांडूनच चढत.

"काका, तुमी काऊन नाई पेत?" मी एकदा विचारलं.

"एक साल पेलो होतो. महादेव दिसला, बापू. त्या तिसऱ्या पायरीवर बसून होता."

"मग तर दरसाल प्या ना!"

त्यांचा घोटणारा हात थांबला. "अन् पुन्हा दिसला, तर तो भांगेचाच निघन."

काका आता नाहीत. परवा देवळात गेलो, तर माझाही पाय तिसरी पायरी ओलांडून गेला.