बकऱ्यानं अंग झाडलं नाही

मी चौथी नापास माणूस. लिहायचा सराव नाही. पण हे पोटात घेऊन मला मरायचं नाही.

आमचं घर ख्रिस्ती, माझ्या बापापासून. त्याआधी आजा दर आखाडात मरीआईला बकरं द्यायचा. बापानं ते सोडलं. बायको तर माझ्याहून पक्की. दर रविवारी चालत रेणापूरच्या चर्चला जायची.

तिच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरनं हात टेकले. मी प्रार्थना केली, लई केली. वरून काही उत्तर येईना. माझा चुलतभाऊ अजून जुन्याच धर्मात. तो म्हणाला, "आज्याची देवी इसरलास, दुसरं काय? एक बकरं दे अन् बघ." मी हाव म्हणलो. बायकोला सांगितलं, निलंग्याला पाहुण्याकडं जाऊन येतो.

माळावर मरीआईपुढं भर दुपारी बकऱ्यावर पाणी शिंपडलं. रीत अशी, की बकऱ्यानं अंग झाडलं तर त्यानं कबूल केलं. तोवर कापायचं नाही. हे आपलं उभंच. तांब्यावर तांब्या ओतला, ते माझ्याकडं बघून राहिलं. उन्हात चुलतभावाची माणसं कावली.

"न्हाई म्हणून राहिलंय ते," एकजण खेकसला, "घरी न्या अन् जावई करून ठेवा!"

सगळे हसले. तेवढ्यात मी हळूच बकऱ्याच्या कानात पाणी ओतलं. त्यानं जोरात अंग झाडलं. काम झालं.

महिन्याभरात बायको खरंच उठली. चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, "प्रभूच्या रक्तानं मला उठवलं." मी पुरुषांच्या बाजूला खाली मान घालून बसलो. कुणाच्या रक्तानं, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी प्रभूभोजन होतं. प्रभूचं शरीर म्हणून खायच्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट माझ्यापुढं आलं. मी ते तसंच पुढं सरकवलं. तिनं बघितलं.

चर्चच्या पाळकसाहेबांना मी आडून विचारलं, "बकरं बी आपल्या जागी मरतं, प्रभू बी आपल्या जागी मेला. फरक काय?"

ते म्हणाले, "बाबा, बकऱ्याचं रक्त पाप झाकतं. प्रभूचं रक्त धुऊन काढतं. आपली शिक्षा त्यानं भोगली, संपलं."

माझं काही संपलं नाही. डोळे मिटले की ते ओलं बकरं समोर उभं राहायचं.

गाठ परत आली. बायकोची नुसती हाडं राहिली. एका सकाळी दारात उन्हाला बसवून मी तिचं डोकं धूत होतो. हात चुकला, कानात पाणी गेलं. तिनं सगळं अंग झाडलं. अगदी तसंच.

माझ्या हातून तांब्या पडला.

"अवं, काय झालं? भूत बघितल्यागत काय करून राहिलात?"

मी खाली बसलो अन् सगळं सांगितलं. कानातलं पाणीसुद्धा. ती केस पिळत राहिली.

"म्हंजी त्या मुक्या जीवाला कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "गळ्यात दोरी बांधून वढून नेलं, वर कबुली बी खोटी."

"तुझ्यासाठी केलं."

"ते कळतंय मला. झाकणं अन् धुणं पाळकसायबाला ठावं. मला येवढंच ठावं, प्रभूच्या गळ्यात दोरी न्हवती. त्यो आपल्या पायानं गेला. त्याला कुणी कानात पाणी घातलं न्हाई." मग म्हणाली, "येत्या भोजनाला भाकर घ्या."

"माझी लायकी न्हाई."

"लायकीवाल्यासाठी हाय व्हय ती? म्हातारं झालात पर अक्कल न्हाई आली."

त्या भोजनाआधी ती गेली. शेवटची आंघोळ बायकांनी घातली. मी दाराबाहेर उभा होतो. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता अन् मी कान देऊन ऐकत होतो, की ही अंग झाडते का.

त्यानंतर किती महिने ताट आलं अन् मी पुढं सरकवलं. मागच्या रविवारी नाही सरकवलं. तुकडा उचलला, तोंडात ठेवला. बकरं समोर होतंच, ओलं, माझ्याकडं बघत. मी गिळलं.

शेजारचा म्हातारा माझ्या कानाशी लागला, "हिव भरलं का? सगळं अंग झाडून राहिलाव."

मी म्हणलो, "न्हाई."